रुमालाखाली

वजन विचारलं तेव्हा सुपडू अण्णा म्हणाले, पंचाहत्तर.
काटा ऑफिसात होता, ऑफिसला कुलूप होतं,
मी पंचाहत्तर लिहिलं.
पहिली चूक माझी. ती आधीच सांगून टाकते.

नंदुरबारच्या शिवारात वाळत पडलेल्या
त्यांच्या मिरचीच्या पथाऱ्या
वरून बघायच्या होत्या त्यांना.
"देव दखस तश्या," म्हणाले.
मागच्या सीटवर भाचा किसन, मोबाइल आधीच चालू.
गोंदूरहून निघालो साडेअकराला.
मार्चमध्ये साडेअकरा म्हणजे उशीरच.

चिमठाण्याच्या पुढे काळ्या रानाची वाफ
खालून ढुशी द्यावी तशी लागली,
मग तीच वाफ संपली
आणि बुडाखालचा पाट ओढून घ्यावा
तसं विमान खाली बसलं.
शंभर फूट. फार नाही.
पण अण्णांचे दोन्ही हात गेले
त्यांच्या पुढ्यातल्या सुकाणूवर,
जे माझ्या सुकाणूला जोडलेलं असतं.
पोती उचलणारे हात. ओढलं त्यांनी पोटाशी.
समोरून जमीन गेली, नुसतं आभाळ राहिलं,
पंखातली पिपाणी वाजायला लागली.

पुस्तकात अशा माणसाला
धोकादायक प्रवासी म्हणतात.
स्पष्ट, मोठ्या आवाजात आज्ञा द्यावी.
दिली. मराठीत दिली, हिंदीत दिली.
डोळे उघडे होते, आत कुणी नव्हतं.
कॅप्टन दस्तूर शिकवायचे,
कोपर मारायचं, सरळ नाकाच्या हाडावर,
माफी मागायला पुढे आयुष्य पडलंय.

माझं कोपर उचललेलं होतं.
हे मी रिपोर्टात लिहिलं नाही.

माझे वडील सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकायचे.
बुजलेल्याचा लगाम ओढू नये म्हणायचे,
तो तुझ्यापेक्षा जड आहे.
आणि भाव ते तोंडानं कधी सांगत नसत.
मी सहा-सात वर्षांची, त्यांच्या गुडघ्याशी उभी,
वर बघायची तर दोन माणसं
गप्प, गंभीर, मध्ये एक मळका रुमाल
आणि रुमालाखाली काहीतरी जिवंत.

मी मानेवरचा रुमाल काढला.
थ्रॉटल सोडून हात त्याखाली घातला.
"अण्णा, भाव बोला. कितला?"

सौदा उजव्या हाताचा असतो.
तो सुटला.
अंगावरून वळून रुमालाखाली आला,
ओला, थंड,
आणि माझी तीन बोटं धरून
मधलं पेर दाबलं.

उरलेल्या डाव्याला माझा डावा पुरला.
नाक खाली. पिपाणी थांबली.
मी बोट काढून घेतलं, जमत नाही म्हणून.
त्यांनी तळवा दाबला.
मी पुन्हा नाही म्हटलं.
तिसऱ्या फेरीला त्यांचा दुसरा हातही
सुकाणू सोडून मांडीवर येऊन बसला,
भाव पडताना बसतो तसा.
पथाऱ्या डाव्या अंगाला लालभडक दिसत होत्या.
कुणी बघितल्या नाहीत.

वळले. बऱ्याच वेळानं लळिंगचा डोंगर समोर आला.
"अण्णा, आता हात लागेल मला."
"सौदा?"
"झाला."
"कितलाले?"
शेवटचं पेर दाबलं मी. मग त्यांनी बोटं परत दिली
आणि मी उतरवलं विमान, जरा आदळूनच.

किसनच्या मोबाइलमध्ये
अकरा मिनिटं नुसता एक रुमाल हलतोय.

आठवड्यानं एक पोतं आलं मिरचीचं.
मला वाटलं भेट.
तोंडाशी सुतळीनं बांधलेलं बिल होतं,
रुमालाखाली ठरला त्याच भावानं.
भरले पैसे.
बिलावर वजन मात्र काट्याचं होतं,
एकोणचाळीस किलो दोनशे ग्रॅम.