फिरतं, पण ठोकत नाही

"फिरतं, पण ठोकत नाही,"
असं म्हणून तुपसाखरे बाईंनी
काउंटरवर पिशवी उलटी केली.
निळं ड्रिल, ब्याण्णव सालचं,
वायरीला जागोजाग चिकटपट्टी,
आणि चकची किल्ली सुतळीनं बांधलेली,
तान्ह्या मुलाला ताईत बांधावा तशी.

बोहरी आळीत दुपारची गिऱ्हाइकं कमी.
स्क्रू काढले. कवच दुभंगलं.
वास आला जळक्या कार्बनचा, जुन्या ग्रीसचा,
आणि तीस वर्षं गिळलेल्या भिंतींचा.

आत दोन चकत्या असतात, समोरासमोर.
दोघींना उतरते दाते, करवतीसारखे.
एक जागची हलत नाही.
दुसरी फिरते, पहिलीच्या दात्यावर चढते,
टोकाला पोचते, घसरते, आपटते.
पुन्हा चढते.
हातोडा म्हणून वेगळा काही नसतोच आत.
मिनिटात तीसेक हजार वेळा
ती चढते आणि पडते,
आणि त्या पडण्याला आपण ठोका म्हणतो.

शब्बीरचाचांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं:
मधली स्प्रिंग दोघींना लांब ठेवते.
हवेत धरलंस तर नुसतं भिरभिरेल.
भिंतीला टेकव, अंगाचा भार दे,
मग भेटतात त्या.

ह्यातले दाते पार गुळगुळीत.
बोट फिरवलं तर देवळातल्या पायरीसारखे.
"किती भोकं पाडलीत हो?"
"आमच्या ह्यांनी? अख्ख्या सोसायटीची.
पडद्यांचे दांडे, गीझर, देव्हारे.
वरच्या करमरकरांशी बोलणं बंद होतं,
तरी त्यांचं घड्याळ ह्यांनीच टांगलं.
टांगून झाल्यावर बोलणं पुन्हा बंद."
मग जरा थांबून,
"न्हाणीघरात धरायला दांडी बसवायचीय.
ह्यांचे हात आताशा..."
वाक्य तिथंच ठेवून
त्या पिशवीची घडी घालत राहिल्या.

भंगारातल्या एका भावंडाचं पोट उघडून
चकत्यांची जोडी काढली.
शनिवारी मीच घेऊन गेले, सहकारनगरला.
दांडीही मीच बसवणार होते.
पण रंगनाथराव स्टुलावर आधीच तयार.
टाइलवर पेन्सिलीच्या फुल्या,
वाकड्यातिकड्या, पण एका रेषेत.
खाली धूळ झेलायला पाकीट चिकटवलेलं,
कुणाच्या तरी मुंजीच्या आमंत्रणाचं.
उजवा हात मांडीवर आपला आपण चालू होता,
कुणी बटण न दाबता.

मी नॉब हातोडीच्या खुणेवर नेला.
"अहं," ते म्हणाले, "टाइल तडकेल.
ती संपेपर्यंत नुसतं फिरवायचं.
वीट लागली की मग."
मी मागून कोपर धरलं.
"सोडा."
सोडलं.

आधी चिरका, बारीक आवाज, पांढरी धूळ.
मग नॉब वळला,
त्यांनी छातीचा भार दिला,
आणि भिंतीला कळलं.
लाल धूळ पाकिटात उतरायला लागली.
ड्रिल असं हादरत होतं की
त्यांची थरथर त्यात नेमकी कुठं आहे
ते मी शोधत राहिले.
सापडली नाही.

सहा भोकं.
बटण सोडलं. चक फिरत फिरत थांबला.
हात थांबला नाही.

बाईंनी दांडीवर पहिल्यांदा टॉवेल टाकला.
"टॉवेलसाठी नाहीये ती."
"मग ओला टॉवेल काय डोक्यावर वाळवू?"
तीनशे रुपये झाले.
त्यांनी पावती मागितली, झिजलेल्या चकत्याही मागितल्या,
आणि स्क्रूंच्या बरणीत टाकल्या.

जिन्यात एक गृहस्थ उभे, बंडीवर.
"शनिवारची दुपार आहे हो," म्हणाले.
मग वर-खाली बघून, आवाज उतरवून,
"आमचं घड्याळ जरा हललंय.
त्यांना विचाराल का?
मी विचारलं म्हणून सांगू नका."