क्षेत्र क्रमांक नऊ

रेंज कंट्रोलच्या खिडकीतली बाई विचारते,
नाव? आर्चुलेटा. युनिट? वाहन दुरुस्ती.
किती दिवस झाले इथे? सात आठवडे.
मागच्या नकाशाकडे न बघताच ती सांगते,
"सहा बंद, सात बंद, अकरात उद्या मॉर्टर.
नऊ घे. तिथे ट्विफर्ड आहे. त्याच्या मागून चाल.
तो जिथे पाय टाकेल तिथेच टाक."

परवान्याआधी चाळीस मिनिटांची फिल्म दाखवली होती.
चिखलात अर्धा रुतलेला गंजका तोफगोळा,
वेलीवरच विसरलेल्या भोपळ्यासारखा.
हात लावू नका. आल्या वाटेने मागे फिरा. कळवा.
तीन वाक्यं. मोठ्याने म्हणवून घेतली आमच्याकडून,
शाळेत पाढे म्हणवतात तशी.

मी वाळवंटातला. आमच्या गावच्या नदीला पूल आहे,
कमानी आहेत, पाटीवर नाव आहे,
पाणी तेवढं नाही.
इथे पहाटे साडेचारला ते कमरेपर्यंत येतं,
उसन्या रबरी विजारीच्या शिवणीतून आत शिरतं
आणि डाव्या मोज्यात मुक्काम ठोकतं.

ट्विफर्ड सत्तरीचा. चाळीस वर्षं याच तळाचे बॉयलर सांभाळले.
बोलतो कमी, थुंकतो जास्त.
लाकडी बदकं पाण्यात सोडतो एकेक.
एकाची मान तुटलेली, लष्करी हिरव्या पट्टीने बांधलेली.
"इथली बदकं तोफेला भीत नाहीत," म्हणतो,
"तोफ रोजचीच.
तुझ्या जॅकेटची चेन मात्र त्यांनी ऐकलेली नाही."
मी चेन अर्ध्यावर सोडली.
थंडी तिथूनच आत आली.

साडेसहाला गवतापलीकडे भोंग्यावर बिगुल वाजला.
ट्विफर्डने बंदूक फळीवर ठेवली, टोपी काढली,
आणि कमरेइतक्या पाण्यात ताठ उभा राहिला,
झेंड्याकडे तोंड करून,
जो इथून दिसतही नाही.
मीही राहिलो. ग्रेव्ही, त्याची कुत्री, खाली बसली.
आणि नेमकी तेव्हाच आली ती,
तीस, चाळीस, हिरव्या डोक्यांची,
पंख आवळून, पाय पुढे काढून,
आमच्या मधोमध उतरली.
लाकडी नातेवाइकांची चौकशी केली,
दोन घोट पाणी प्यायली,
आणि शेवटच्या सुरावर उठून गेली.

"रोज," टोपी घालत ट्विफर्ड म्हणाला.
"रोज हेच करतात, हरामखोर."
आणि पहिल्यांदा हसला.

मग बराच वेळ काही नाही.
मग एकटंच आलं एक, वाट चुकल्यासारखं,
फावड्यासारख्या चोचीचं. थापट्या.
मी उठलो. तीन बार.
तिसऱ्याला ते हवेतच दुमडलं,
वाऱ्याबरोबर घरंगळलं,
आणि पडलं पिवळ्या पाट्यांच्या पलीकडे.

ग्रेव्ही झेपावली. पाटीपाशी थांबली.
कोणी हाक मारली नव्हती.
मागे वळून आमच्याकडे पाहिलं तिने.
पाण्यावर एक पंख अजून हलत होता,
बारा पावलांवर. फार तर तेरा.
मी एक पाऊल उचललं असावं,
कारण ट्विफर्डची मूठ माझ्या पट्ट्यात होती,
कधी आली कळलं नाही.
"म्हण," तो म्हणाला.
काय?
"फिल्ममधलं. म्हण."
हात लावू नका, मी म्हटलं. आल्या वाटेने मागे फिरा.
तोवर पाणी सपाट झालं होतं.

खिडकीतल्या बाईने रकाने भरले.
बार तीन. पाडलं एक. हाती शून्य.
"तरी तुझ्या वाट्यातलं एक कमी होणार," ती म्हणाली.
तिचं अक्षर चांगलं आहे.

रात्री आईचा फोन.
विचारते, कसं लागतं रे बदक?
रबरी विजार खिळ्याला उलटी टांगलेली,
डावा पाय अजून ठिबकतोय बादलीत.
म्हटलं, अजून माहीत नाही.
उद्या सहा उघडणार आहे म्हणतात.