परिशिष्ट दोन

म्हापशात कोर्टाच्या जिन्याला लागून
वकील कुंकळ्येकरांची खोली. तिथे एकोणीस वर्षं
मी दुसऱ्यांची वाक्यं टाईप करतो.
विक्रीखत, गहाणखत, घटस्फोट, भाटाच्या मेरेवरून भांडणं.
फुटबॉल एका मार्चात आला,
एकतीस पानांचा, तीन परिशिष्टांसकट.

विकणारे: कोळमवाडो स्पोर्टिंग क्लब,
तर्फे अध्यक्ष कायतान मोंतेरो, धंदा पोदेर.
पहाटेचे पाव वाटून सरळ आला होता,
पेरांत पीठ. पेन दोनदा पुसून घेतलं.
विकत घेणारे: एक कंपनी,
आणि तिची मालक कंपनी, आणि तिची. पान सहा.

त्यांचा माणूस सभ्य होता, पंख्याबद्दल बोलला नाही.
म्हणाला, वर चढणं, खाली पडणं, हे आता विसरा.
अमेरिकेत बघा. तळाला राहिला तरी क्लब पडत नाही,
कारण लीगमधली जागा जिंकायची नसते, घ्यायची असते.
कायतानने विचारलं, मग शेवटच्या सामन्याला
लोक येतात कशाला?
माणूस हसला.
ते करारात नव्हतं, मी टाईप केलं नाही.

काय काय विकलं ते परिशिष्ट दोनमध्ये.
नाव.
बोधचिन्ह, एका पायावर उभा पांढरा पक्षी.
निळा रंग, त्याच्या नंबरासह.
चाहत्यांची सद्भावना, विद्यमान आणि भावी.
तिथे माझी बोटं थांबली. भावी म्हणजे
कायतानच्या सुनेच्या पोटातलं धरायचं का?
वकील म्हणाले, स्वल्पविराम दे आणि पुढे चल.

मैदान यादीत नव्हतं. मैदान कोमुनिदादीचं शेत,
भात कापल्यापासून नांगर येईपर्यंत आपलं.
एका गोलमागे खाजनाचं पाणी चढतं,
भरती असली की त्या बाजूचा कॉर्नर
कोणी घेत नाही, पंचही मागत नाही.
असलं काही विकत कोण घेणार.

मी खेळलोय तिथे.
डिचोलीहून सायकलने जायचो, राखीव गोलकीपर,
तीन मोसमांत मिळून अकरा मिनिटं.
एक चेंडू अडवला होता, डावीकडे झेपावून.
तो फक्त मला आठवतो.
तोही सद्भावनेत गेला असणार.

दोन वर्षांनी कायतान पुन्हा आला,
पावाच्या टोपलीत, फडक्याखाली, नोटीस.
संघ तोवर कंपनीने दुसऱ्या राज्यात नेला होता,
नाव आमचंच ठेवून.
आणि इथे वाड्यावरच्या पोरांनी
बनियनांवर गावाचं नाव रंगवलं म्हणून
सात दिवसांत थांबवा, अन्यथा.

कुंकळ्येकरांनी करार काढला, चष्मा पुसला.
परिशिष्ट दोन, ओळ पहिली.
इंग्रजीत गावाच्या नावात दोन डी.
शाळेच्या पाटीवर दोन, इगर्जीच्या दोन,
पंचायतीच्या गंजक्या पाटीवरसुद्धा दोन.
करारात एक.
प्रत्येक पानावर दोन्हीकडच्या सह्या,
त्यांच्या चार वकिलांची नजर फिरलेली,
पुढची सगळी नोंदणी त्याच एका डीवर.

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, आम्ही मराठी शाळेतले,
आमच्याकडे ड एकच असतो.
एकोणीस वर्षांत माझ्या चुका किती
ते त्यांना ठाऊक आहे.
बराच वेळ पंखाच काय तो बोलत होता.

मग म्हणाले, फसवं साम्य म्हणून भांडतील.
भांडू देत. आपल्याकडे तारखा कशा पडतात
हे त्यांना अजून कळायचंय. घे, उत्तर लिही:
आमचे अशील ते नव्हेतच.

कायतान उठला. दाराशी थांबून विचारलं,
आणि पक्षी?
पक्षी गेला, वकील म्हणाले. पक्ष्यात डी नाही.

परवा त्या बाजूला गेलो होतो.
बनियनं वाळत होती पोदेराच्या कुंपणावर.
पोरांनी पक्ष्याला
दुसरा पाय काढलाय.