शंकेची पाल

मार्चचा दुसरा आठवडा. पहाटेचे पावणेपाच.
नदीपलीकडून फोन. रत्तिकान.
"हुएसायचा आकडा नऊशे चाळीस दाखवतोय.
आग आहे, की पुन्हा पाल?"

मी चपला शोधतो. मग शिडी.
शाळेच्या छपरावर पांढरी पेटी आहे, जेवणाच्या डब्याएवढी.
कोरियाच्या पैशातून आली, थायलंडच्या बंदरात सात महिने पडून राहिली,
कारण कागदावर तिला 'इतर यंत्र' म्हटलं होतं
आणि 'इतर'ला शुल्क किती
ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

झाकण काढतो. पालच.
पंख्याच्या उबेला दोन अंडी घालून
अशी बघते, जणू भाडं तीच भरते.

"पाल," मी कळवतो. "अंडी हलवली. वीस मिनिटांनी बघ."
वीस मिनिटांनी दोनशे बारा.
"छान," रत्तिकान म्हणते,
आणि मग आम्ही दोघंही जरा गप्प राहतो.
दोनशे बाराला.

व्हिएंतियानच्या परिषदेत
'वाऱ्याला सीमा नसते' हे वाक्य
पाच देशांच्या पाच साहेबांनी पाचदा म्हटलं.
टाळ्या पडल्या. दुभाषी बाई तिसऱ्यांदा नुसतीच मान हलवून मोकळ्या झाल्या.
वाऱ्याला नसेल.
माझ्या पासवर्डला आहे. सुट्या पंख्याला आहे.
रत्तिकानच्या नकाशात पश्चिमेकडे तर
चौकोनी आहे, राखाडी रंगाची:
तिथं केंगतुंग होतं,
केंगतुंगला साय सेंगवान होता, रोज सहाला आकडे पाठवायचा.
लढाई सुरू झाली आणि सहा वाजायचे थांबले.
वारा येतो तिकडूनच.
दाराकडे पाठ करून बसायचं
आणि कोण येतंय ते सांगायचं,
असं आमचं काम.

उपग्रहानं काल रात्री मोजले चारशे सतरा तांबडे ठिपके.
त्यातला एक मी ओळखतो.
मावशीचा उतार आहे तो.
पूर्वी ती भातासाठी जाळायची, टेकडीचा एक तुकडा, दर काही वर्षांनी.
आता मका. अख्खी टेकडी.
बियाणं पलीकडून येतं, रत्तिकानचा नवरा ज्या कंपनीत आहे तिथून.
मी तिला मावशीचं सांगितलेलं नाही.
तिनं मला नवऱ्याचं एकदाच सांगितलं होतं,
आणि लगेच विचारलं होतं, तिकडे आर्द्रता किती.

गुरुवारी रात्री अनोळखी नंबरवरून निरोप आला, दोघांनाही:
"सेंगवान. वीज नाही. यंत्र कुणीतरी उचलून नेलं.
खिडकीतून दिसतं ते लिहितो.
तळ्यापलीकडचा मठ: नाही.
तळं: अर्धं.
गल्लीतली चिंच: आहे."

रत्तिकाननं जुना नकाशा काढला, पट्टी घेतली.
त्याची खिडकी कुठली हे तिला माहीत होतं, एकदा जेवली होती त्या घरी.
अर्धं तळं म्हणजे साडेतीनशे मीटर.
तेवढं तिनं गणितात घातलं
आणि राखाडी चौकोन पहाटे तीनला जांभळा झाला.

सकाळी दोन्ही काठांवर एकच सूचना:
शनिवारी दुपारपासून मुलांना बाहेर काढू नका.
आमच्या बुआखाम बाईंनी क्रीडादिन पुढे ढकलला, माझ्यावर चिडून.
आभाळ तेव्हा निळं होतं.

धूर शनिवारी पहाटेच आला. आठ तास आधी.
अंदाज चुकला.
मागच्या वर्षी चुकायलाही काही नव्हतं.

दुपारी मी कचेरीच्या पायरीवर बसून उत्तर लिहिलं.
"सेंगवान, हुएसायहून.
च्यांगखोंगचा काठ: नाही.
धक्क्यावरची होडी: नाही.
नदी: ऐकू येते."

खाली रत्तिकाननं जोडलं:
"मला तुमचा काठ दिसत नाही. खोकला दिसतो."
खोकला दिसतो म्हणजे काय, मी विचारलं नाही.
टेबलावर, कापसात, ती दोन अंडी आहेत.
त्यांचा आकडा कुणी मागितलेला नाही,
पण रोज सहाला मी बघतो.