दोन सूत

सुभाषनगरच्या गल्लीत स्कूटर लावली की
माझ्याआधी त्यांचा आवाज यायचा खिडकीतून,
"मागचं चाक डुगतंय तुझं. बेअरिंग गेलंय."
मग खोकला, बराच वेळ.
मग हौसाबाई दारात, "या. जागंच हाईत."

केरबा चौगुले. टर्नर.
उद्यमनगरात एक्केचाळीस वर्षं, एकाच लेथवर तेवीस.
गळ्याचं दुखणं छातीत उतरलेलं,
दवाखान्यानं कागद हातात देऊन घरी पाठवलेलं.

कॉलेजात आम्हाला शिकवलं ते सगळं
परत उभं करण्याचं : गुडघा, खांदा, लुळा हात.
फॉर्मवर म्हणून एक रकाना असतो, ध्येय.
पहिल्या दिवशी मी पेन उघडून
तशीच बसले.
ते म्हणाले, "लिही, उंबरा.
सात पावलं हाईत. मोजल्यात मी."

हौसाबाईंची कंबर वाचावी म्हणून
कॉटच्या पायांखाली विटा घातल्या.
"डोक्याकडं दोन सूत कमी हाय."
मला तर सरळच दिसत होती.
"ट्रंकेतनं लेव्हल काढ गं."
काचेतला बुडबुडा पायाकडं सरकलेला.
वहीचा पुठ्ठा दुमडून विटेवर घातला, परत दुमडला,
बुडबुडा मधे आला
तेव्हाच त्यांनी पाठ टेकली.

श्वास अडला की टेबल पुढं ओढायचं,
उशीवर कोपरं, तोंडावर छोटा पंखा,
ओठांचा चंबू करून सोडायचा हळू,
समोर दिवा आहे आणि तो विझू द्यायचा नाही, असा.
"म्हंजे फीड कमी करायचा," ते म्हणाले.
हो काका. फीड कमी.

चमचा बोटांतून निसटायला लागला
तेव्हा इरफान मुल्लाणीला निरोप गेला.
एके काळी हाताखाली शिकलेला पोरगा, आता स्वतःची तीन मशीनं.
त्यानं नायलॉनची जाड मूठ करून आणली.
अंगठा फिरवून परत दिली, "नर्लिंग बोचतंय."
दुसरी आणली. "हां."
तिनं पांढरा रस्सा खाल्ला त्यांनी,
तांदळाचं पीठ लावून दाट केलेला, हनुवटी खाली घेऊन,
तीन चमचे.
हौसाबाई म्हणाल्या, "ह्याला रस्सा म्हंतात व्हय? खळ झाली."
आणि पातेलं घेऊन आत गेल्या, बऱ्याच वेळानं आल्या.

रकान्यात उंबरा मी खोडला नाही.
त्याखाली लिहिलं, खुर्ची.
त्याखाली, कूस बदलणे, दर दोन तासांनी.
त्याखाली काही दिवसांनी, ओठ ओले.

चादरीनं वळवायचं कसं ते हौसाबाईंना दाखवलं,
एक हात खांद्यामागं, एक कमरेमागं, आपल्याकडं ओढायचं.
पदर खोचून त्यांनी ओढलं,
त्यांचं कपाळ यांच्या गळ्याशी आलं,
"लगीन झाल्यापास्नं एवढं जवळ दिवसाउजेडी
कवा आलो न्हाई मी," त्या म्हणाल्या.
केरबांचे डोळे मिटलेले. कान लाल.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
त्या सोमवारी त्यांनी मला बोट वर करून थांबवलं,
ऐकत राहिले.
काय ऐकताय, विचारलं, तर बोलले नाहीत.
नंतर एकदाही नीट बोलले नाहीत.

गुरुवारी पहाटे इरफानचा फोन.
त्या दिवशी माझी फुलेवाडीत एक भेट होती, बावड्यात दोन.
केल्या.
बावड्यातल्या आजींनी विचारलं, "हात का गार गं तुझं?"

बाराव्यानंतर टॉयलेटची खुर्ची न्यायला गेले.
हौसाबाई जमिनीवर बसून शेंगा फोडत होत्या.
कॉट तशीच उंच, गादी उन्हात.
चमचा त्यांनी फडक्यात बांधून ठेवलेला,
"कुणाला तरी लागंल."
मी म्हटलं, विटा काढून देते, तुम्हाला चढायला जड जाईल.
त्यांनी वाकून कॉटखाली बघितलं.
"ऱ्हाऊ देत," म्हणाल्या,
"आता ट्रंक बसती खाली."