सतरावी नोंद

कुंभारी रस्त्याला, जिथं शहराचा नळ संपतो
आणि टँकरचा पाइप सुरू होतो,
तिथं एक अख्खा उन्हाळा मी वहीत विटा मोजत बसले.
गवंडी अकरा, दिवस बेचाळीस,
प्रश्न एकच : माणसाच्या एका दिवसात
भिंत किती मावते.

पहिला आठवडा त्यांनी मला सरकारी समजून चहा पाजला.
मग रेणव्वा म्हणाली, "नुसतं बघायचा पगार असतोय काय वो, बाई?"
म्हटलं, असतो.
ती पाटी उचलून चालायला लागली.
बारा विटा डोक्यावर. बारा मी लिहिल्या.

सोळाव्या दिवशी मौलाली नदाफनं
सहाशे चाळीस विटा रचल्या. वहीतला उच्चांक.
सतराव्या दिवशी सकाळी त्यानं ओळंबा सोडला,
एक डोळा मिटून बराच वेळ उभा राहिला
आणि काही न बोलता पहार घेतली.
अर्धा इंच.
कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनिअर विजापूरला, लग्नाला.
वर प्लास्टर आलंच असतं, प्लास्टरवर रंग,
रंगावर कुणाच्या तरी लेकराचे तेलकट हात.
दुपारपर्यंत भिंतीचा ढीग झाला,
दिवस मावळेतो तो विटांचा माल खरवडत बसला,
एकेक पुन्हा थप्पीला.
ठेका विटेवर होता, दिवसावर नाही.
मी रकान्यात लिहिलं : वजा सहाशे चाळीस.

लेख तीन ठिकाणी फिरला.
एकानं विचारलं, सोलापूरच का?
(लंडनबद्दल हे कुणी विचारत नाही.)
दुसऱ्यानं इंग्रजी धुऊन आणायला सांगितलं.
तिसरीकडे समीक्षक क्रमांक दोन,
ज्याला नाव नसतं, गाव नसतं,
त्यानं अदबीनं लिहिलं :
उत्पादकता शून्याखाली जाऊ शकत नाही.
सतरावी नोंद चुकलेली दिसते. वगळावी.

पदोन्नतीची फाइल मार्चअखेर बंद होणार होती.
मी ती ओळ निवडली. बोट दाबलं.
ठिपके मुकाट जवळ सरकले,
मधून जाणारी रेघ ताठ झाली.
चौदा महिन्यांनी छापून आलं.

मौलाली तेव्हा जुळे सोलापुरात
कुणा डॉक्टरच्या बंगल्यावर कामाला होता.
"किती दिले वो तुमाला?"
काही नाही. उलट सगळ्यांना फुकट वाचता यावं असं वाटलं,
तर आपणच भरायचे. एक लाख साठ हजार.
त्यानं थापी खाली ठेवली.
"धा रुपये इट धरा. सोळा हजार इटा.
दोन बिऱ्हाडं उभी राहतेत की.
मग भरले?"
नाही.
"मग वाचतंय कोण?"
ह्याची आकडेवारी माझ्याकडे नव्हती.

त्यानं स्वतःचं नाव शोधलं. मी दाखवलं : गवंडी ३.
"ह्यो मी?"
मग पान उलटून आलेखाशी थांबला,
कागद हातभर लांब धरला, एक डोळा मिटला,
त्या सकाळी मिटला होता तसाच.
"रेघ मात्र वळंब्यात हाय बगा."

तेव्हा सांगता आलं असतं.
शेजारी वाळूची चाळण थांबली होती,
एवढा वेळ होता.
मी म्हटलं, हो.

परवा कुंभारीवरून येताना रिक्षा सोडली.
चौथी रांग, सातवं दार.
उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन एक बाई विड्या वळत होती,
मागच्या भिंतीवर तेलुगू कॅलेंडर,
खालच्या टोकापर्यंत भिंतीला टेकलेलं.
"कोण पायजे?"
कुणी नाही. भिंत बघत होते.

तिनं पानं बाजूला ठेवली आणि मागं वळून
वरपासून खालपर्यंत बघायला लागली,
भिंतीला काय झालं म्हणून.