मार्चमधला पाहुणा

हानोफरच्या दक्षिणेला, लात्सनमध्ये,
इर्मट्राउटबाई दर मार्चला
मुलाच्या खोलीतून मुलाला बाहेर काढत:
त्याचे फुटबॉलचे बूट, अर्धवट चिकटवलेली विमानं,
भिंतीवरचा गोलकीपरसुद्धा.
शहरातली हॉटेलं पुरत नसत तेव्हा.
आमच्या गल्लीत घरोघरी कुणी ना कुणी परका
टाय लावून न्याहारीला बसलेला.

त्यांच्याकडे ताइचुंगचे कुओ. एकोणीस वर्षं.
बिजागऱ्या विकायचे, लॅपटॉपच्या.
पावाशेजारी एक ठेवून म्हणायचे,
वीस हजार वेळा उघडा, मिटा,
करकरली तर मला सांगा.
बाईंना इंग्रजी येत नसे, त्यांना जर्मन.
अंडं किती मिनिटं, ते मात्र
दोघांनाही पाठ.

संध्याकाळी त्यांच्या बुटांना
हॉलमधल्या गालिच्याची निळी लव चिकटलेली असे.
बाई केरसुणीने ती गोळा करत, पुटपुटत,
आणि लव किती, यावरून सांगत
जत्रा कशी भरली ते.
एका वर्षी चिमूटभरच निघाली.
पुढच्या वर्षी नुसती काँक्रीटची धूळ.
त्यानंतर मुलाची खोली मार्चमध्येही मुलाचीच राहिली.
तो तर केव्हाच ब्रेमेनला गेलेला.

काल पत्र आलं: जत्रा आता पडद्यावर.
मी समोरच्या घरातला, म्हणून मला हाक.
जुना लॅपटॉप घेऊन गेलो.
काचेचा अवाढव्य हॉल उघडला.
सॉसेजचा वास नाही, कुणाचा धक्का नाही,
एक बाई सगळ्यांकडे बघून एकसारखीच हसणारी.
बाणावर बोट ठेवून इर्मट्राउटबाई चालल्या,
मध्येच दमल्यासारख्या थांबल्या.
बारा नंबरच्या गाळ्यात, चौकटीत,
कुओ.
पाठीमागे खिळ्याला एक किल्ली,
लाल लोकरीचा गोंडा लावलेली.
ह्याच दाराची. परत द्यायची राहिलेली.

"न्याहारी झाली का?" बाईंनी विचारलं.
आवाज बंद होता. मी बटण शोधत राहिलो.
कुओंनी ओठ वाचले बहुधा.
तिकडे दुपारचे चार वाजले होते,
तरी त्यांनी मान हलवली: नाही.

तेवढ्यात मध्ये पाटी आली,
आपला अनुभव कसा वाटला, तारे द्या.
पाटी हटली तेव्हा गाळ्यात
बिजागरी एकटीच गोल फिरत होती.

बाईंनी बराच वेळ पाहिलं तिला.
मग दोन्ही हातांनी माझा लॅपटॉप मिटला.
करकरला.
"ही त्यांची नव्हे," त्या म्हणाल्या,
आणि अंडं उकडायला उठल्या.